रोझेशियाची लाली: ट्यूब उघडण्याआधी काय पाहायचं, आणि नंतर काय लावायचं

चेहरा लाल दिसायला लागला की पहिला हात जातो मलमाच्या ट्यूबकडे. रोझेशिया या त्वचेच्या आजारात घोळ होतो तो तिथेच. लाली हा शब्द एकच, पण ती चेहऱ्यावर चार-पाच वेगवेगळ्या वाटांनी येते, आणि एकीवर चालणारं औषध दुसरीच्या वाटेलाही जात नाही. तीन महिने नेमाने मलम लावलं, फुटकुळ्या गेल्या, पण गाल लालच राहिले, ही तक्रार त्वचारोगतज्ज्ञांना नवी नाही. मलम वाईट नसतं. ते त्या लालीसाठी नसतंच. म्हणून या लेखात औषधं उशिरा येतात.

रोझेशियाच आहे का?

रोझेशिया हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, अस्वच्छतेने होत नाही, आणि दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्यांना होतो. (हे मुद्दाम सांगावं लागतं, लाल नाकाकडे बघून लोक भलतेच अंदाज बांधतात.) बहुतेकांना तो तिशीनंतर सुरू होतो. जागा ठरलेल्या: दोन्ही गाल, नाक, हनुवटी, कपाळाचा मधला भाग.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने २०१७ साली मांडलेला निकष सोपा आहे. चेहऱ्याच्या मध्यावर कायम टिकणारी आणि अधूनमधून भडकणारी लाली, किंवा नाकाची वगैरे जाड होत गेलेली कातडी, यातलं एक असलं तरी निदान पक्कं. दोन्ही नसेल तर चेहरा उसळून तापणं, फुटकुळ्या, बारीक रक्तवाहिन्या दिसणं आणि डोळ्यांचा त्रास या चारांपैकी किमान दोन गोष्टी लागतात. रोझेशिया ओळखणारी रक्ततपासणी नाही. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात ते दुसरं काही नाही ना, हे पाहायला.

हे 'दुसरं काही' घरच्या आरशातही थोडंफार ओळखता येतं. ब्लॅकहेड किंवा व्हाइटहेड दिसत असतील तर तो मुरुमांचा भाग. रोझेशियात ते नसतात, पण दोन्ही आजार एका चेहऱ्यावर नांदू शकतात. नाकाशेजारच्या घडीत आणि भुवयांत तेलकट, पिवळसर कोंडा सुटत असेल तर सेबोऱ्हिक डर्मटायटिसची शंका घ्यावी. लाली दोन्ही गालांवर फुलपाखरासारखी पसरली आहे, नाकापासून ओठांच्या कडेला उतरणारी घडी मात्र कोरी आहे, आणि सोबत सांधेदुखी, तोंडात फोड, ताप असं काही आहे, तर ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) तपासायला हवा. तिथे क्रीम निवडत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

सावळ्या आणि गडद त्वचेवर निदान चुकतं ते वेगळ्या कारणाने: लाली दिसतच नाही. रंग तपकिरी, जांभळट किंवा नुसता काळवंडल्यासारखा वाटतो. तिथे डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. गालावर हाताची मागची बाजू ठेवा, मग कानाखाली मानेवर ठेवा. गाल जास्त गरम लागतो का? साधा मॉइश्चरायझरही झोंबतो का? पारदर्शक काचेची सपाट बाजू गालावर हलके दाबली की दाबलेली जागा फिकी पडते आणि काच उचलताच पुन्हा भरते का? गरम, झोंबणारा, दाबल्यावर फिका पडणारा गाल असेल तर रंग दिसो न दिसो, डॉक्टरांना रोझेशियाबद्दल स्वतःहून विचारा.

आपली लाली कोणती?

सकाळी उठल्यावर, तोंड धुण्याआधी, खिडकीच्या उजेडात फ्लॅश न वापरता तीन फोटो काढा: समोरून आणि दोन्ही बाजूंनी. याच जागी, याच वेळी दर पंधरा दिवसांनी पुन्हा. फोनमधलं चेहरा उजळवणारं फिल्टर बंद आहे ना, तेवढं बघा. मग फोटोत शोधा.

उसळती लाली मिनिटांत येते आणि तास-दोन तासांत ओसरते. चेहरा भट्टीसारखा तापतो. मुरलेली लाली सकाळच्या शांत फोटोतही असते. कडा पुसट, गालावर पसरट डाग. तिसरी म्हणजे धागे: नाकपुडीच्या कडेला आणि गालावर एकेक करून मोजता येतील अशा लाल किंवा जांभळट रेषा. चौथी फुटकुळ्यांभोवतीची, प्रत्येक पुळीला लाल वर्तुळ. आणि पाचवी आपण स्वतः ओढवून घेतलेली: स्क्रब, टोनर, ॲसिडं आणि फेसपॅक लावून सोललेल्या त्वचेची लाली. तिच्यासोबत कोरडेपणा, ताण आणि बारीक पापुद्रे असतात.

एका चेहऱ्यावर यातल्या दोन-तीन सहज सापडू शकतात. पाचवी आधी काढायची, कारण ती असेपर्यंत बाकीच्या नीट दिसत नाहीत आणि कुठलंच औषध सोसत नाही.

पहिले सहा आठवडे: तीनच वस्तू

क्लेन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बाकी सगळं कपाटात. रेटिनॉल, ग्लायकॉलिक आणि सॅलिसिलिक ॲसिड, व्हिटॅमिन सी सीरम, अल्कोहोलचा टोनर, मेंथॉल, कापूर, निलगिरी किंवा पुदिन्याचं तेल असलेलं काहीही, सुगंधी वस्तू, चेहऱ्याचे ब्रश, वाफ. 'नैसर्गिक' असं लिहिलेल्या बाटलीला इथे काही सवलत नाही. लिंबूही नैसर्गिकच असतं.

धुण्याची रीत बारकाईने सांगण्यासारखी आहे, कारण निम्मा त्रास तिथून सुरू होतो. पाणी कोमट, मनगटावर टाकलं तर ना गरम ना गार वाटेल असं. क्लेन्झर साबणविरहित, फारसा फेस न करणारा, पीएच साधारण ५.५ च्या आसपास. नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो आणि तो त्वचेचं वरचं कवच उघडं पाडतो. बोटांच्या टोकांनी वीस-तीस सेकंद फिरवा, घासू नका. भरपूर पाण्याने काढा. मऊ सुती कापड चेहऱ्यावर टेकवून पाणी टिपा. मग पाच-दहा मिनिटं काही लावू नका. ओल्या त्वचेत क्रीम, आणि विशेषतः औषधी मलम, जास्त आत शिरतं आणि जास्त झोंबतं. इतरांना 'ओलसर चेहऱ्यावर मॉइश्चरायझर लावा' असं सांगतात. झोंबणाऱ्या रोझेशियात आधी कोरडं होऊ द्यावं. दिवसातून दोनदा धुणं पुरे. सकाळी नुसत्या पाण्यानेही भागतं.

मॉइश्चरायझर घेताना घटकांची यादी जितकी छोटी तितकी बरी. सेरामाइड, ग्लिसरीन, पेट्रोलॅटम, डायमेथिकोन ही नावं चालतात. नायसिनामाइड बहुतेकांना सोसतं, पण १० टक्क्यांचं सीरम काहींना झोंबतं. २ ते ५ टक्के पुरतं. नायसिनच्या गोळीशी त्याची गल्लत करू नका. नायसिन मोठ्या डोसमध्ये पोटात गेलं की चेहरा हमखास उसळतो, नायसिनामाइडने तसं होत नाही.

सनस्क्रीन हा या तिघांतला खरा कर्ता. ऊन हे रोझेशियाला भडकवणारं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. एसपीएफ ३० किंवा जास्त, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं. ही खनिजं बहुधा डोळ्यांत आणि गालावर झोंबत नाहीत. प्रमाण: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मान मिळून. लोक याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग एसपीएफला दोष देतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. झिंकचा पांढरट थर सावळ्या रंगावर राखाडी दिसतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, लालीही झाकली जाते. फिकट हिरव्या रंगाचा बेस लालसर त्वचेवर लाल रंग मारतो, हे रंगांचं साधं गणित. गडद त्वचेवर मात्र तो राखेसारखा दिसतो.

नवी वस्तू थेट गालावर नको. जबड्याखाली मानेच्या बाजूला दोन बोटं रुंद जागेवर तीन-चार रात्री लावून बघा, मग एका गालावर. एका वेळी एकच वस्तू बदला. एकाच आठवड्यात तीन नव्या ट्यूब सुरू केल्या आणि चेहरा भडकला, तर दोषी कोण ते कसं कळणार?

स्टिरॉइडचा सापळा

हायड्रोकॉर्टिसोन, मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही तुमच्या ट्यूबवर लिहिलं आहे का, ते आत्ता वाचा. गोरं करणाऱ्या आणि खाजेवरच्या मिश्र मलमांतही ती असतात. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून दोन दिवसांत लाली गेल्यासारखी वाटते. आठवड्यांनी त्वचा पातळ होते, धागे वाढतात, फुटकुळ्या येतात. मलम थांबवलं की चेहरा पहिल्यापेक्षा लाल होतो, घाबरून माणूस परत लावतो, आणि चक्र सुरू राहतं. बरेच आठवडे किंवा महिने लावलं असेल तर सोडल्यावर भडका उडणार हे धरून चाला. तो ओसरायला आठवडे, कधी महिने लागतात. हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा. जोरदार स्टिरॉइड असेल तर ते एकदम बंद करायचं की टप्प्याने, हेही त्यांनीच ठरवायचं.

चेहरा कशाने उसळतो?

छापील याद्या लांबलचक असतात: ऊन, उष्णता, वारा, गरम पेय, दारू, तिखट, व्यायाम, गरम पाण्याची अंघोळ, राग, ताण. सगळं सोडायला निघालात तर जगणं राहील बाजूला. तुमची यादी बहुधा तीन-चार गोष्टींची असते. ती शोधायला चार आठवडे वही ठेवा. चेहरा उसळला की वेळ, त्याआधीच्या दोन तासांत काय खाल्लं-प्यायलं, कुठे होता, किती वेळ टिकलं, चार शब्दांत. महिन्याने वाचा आणि जे तीनदा सापडेल त्याच्याच मागे लागा.

कॉफीवर उगाच खापर फुटतं. गरम कॉफीने चेहरा उसळतो तो तिच्या गरमपणामुळे. कॅफीनचं त्यात काही नाही, आणि गार कॉफी बहुतेकांना काही करत नाही. म्हणजे पेय सोडायचं नाही, कोमट होऊ द्यायचं. व्यायामाचंही तसंच. सलग पाऊण तासाऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन तुकडे करा, पंख्यासमोर, मानेभोवती ओलं गार कापड ठेवून.

उसळी आलीच तर गार जागेत जा, मानेवर ओलं कापड ठेवा, बर्फाचे बारीक तुकडे तोंडात चघळा. बर्फ थेट गालावर घासू नका. अति गारठ्यानेही रोझेशिया भडकतो.

रक्तदाबाच्या काही गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात आणि त्यातून चेहरा तापू शकतो. तसा संशय आला तर डॉक्टरांशी बोला, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. चेहरा तापण्यासोबत जुलाब, छातीत धडधड किंवा श्वासात घरघर होत असेल तर रोझेशिया बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी व्हायला हवी.

औषधं, ज्या त्या लालीसाठी

फुटकुळ्या आणि त्यांच्या भोवतालची लाली हा औषधांचा हातखंडा प्रांत. आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम दिवसातून एकदा, बहुधा रात्री. कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल अशा पाच जागी वाटाण्याएवढा एकेक थेंब ठेवून पातळ पसरायचं. डोळे, ओठ आणि नाकपुडीच्या आत नाही. केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतात, रोझेशियात त्यांची संख्या बरीच वाढलेली असते. हे क्रीम त्यांना मारतं आणि दाहही उतरवतं. पहिल्या आठवड्यात थोडं वाढल्यासारखं वाटू शकतं. मेट्रोनिडाझोल ०.७५ टक्के दिवसातून दोनदा किंवा १ टक्का एकदा; सौम्य, जुनं, सोसणारं. ॲझेलेइक ॲसिड १५ टक्के जेल दोनदा. पहिले दोन-तीन आठवडे चुरचुरतं, पण मागे राहणारे तपकिरी डागही हलके करतं, म्हणून गडद त्वचेसाठी ते आधी आठवावं. फार झोंबलं तर सुरुवातीला एक दिवसाआड लावा, किंवा आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर देऊन त्यावर.

यातल्या कुठल्याही मलमाचा निकाल १२ आठवड्यांआधी लावू नका. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून ट्यूब फेकणं हीच सगळ्यात महाग पडणारी चूक.

फुटकुळ्या जास्त असतील तर डॉक्सिसायक्लीन तोंडाने. रोझेशियासाठीच बनवलेली ४० मिलिग्रॅमची कॅप्सूल येते: ३० मिलिग्रॅम लगेच सुटतं, १० सावकाश. एवढा डोस जंतू मारण्याइतका नसतो, दाह कमी करण्यापुरता असतो. कुठलीही डॉक्सिसायक्लीन पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि नंतर किमान अर्धा तास आडवं होऊ नका. अन्ननलिकेत अडकली तर ती भाजल्यासारखी जखम करते. लोहाच्या गोळ्या आणि अँटासिड यांच्यापासून काही तास दूर ठेवा. तिच्यामुळे ऊनही जास्त बाधतं. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालील मुलांना ती देत नाहीत. याने भागलं नाही तर कमी डोसात आयसोट्रेटिनॉइन, पण गर्भाला त्याने गंभीर व्यंग होतं, त्यामुळे गर्भनिरोध आणि नियमित तपासण्या यांत तडजोड नाही.

मुरलेल्या लालीवर ही औषधं फारशी चालत नाहीत. तिच्यासाठी रक्तवाहिन्या तात्पुरत्या आवळणारी दोन औषधं आहेत: ब्रिमोनिडीन ०.३३ टक्के जेल आणि ऑक्सिमेटाझोलिन १ टक्का क्रीम, दोन्ही सकाळी एकदा. ब्रिमोनिडीन अर्ध्या तासात दिसू लागतं, तीन ते सहा तासांत पूर्ण भरात येतं आणि साधारण बारा तासांत उतरतं. आजार बरा करत नाही, दिवसापुरता पडदा टाकतं. काहींना उतरताना लाली मूळच्यापेक्षा जास्त येते, काहींना भरात असतानाच उलटा भडका उडतो, आणि कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून पहिला आठवडा थोडक्या जेलने सुरू करा, तेही सुट्टीच्या दिवशी. लग्नाच्या किंवा मुलाखतीच्या सकाळी पहिल्यांदा लावायची ही वस्तू नव्हे. पातळ आणि सारखं पसरलं नाही तर चेहऱ्यावर पांढरे पट्टे उमटतात. याच नावाचे डोळ्यांत घालायचे आणि नाकात मारायचे थेंब मिळतात. ते चेहऱ्यावर चोळण्याचा खटाटोप करू नका.

नुसती उसळती लाली फार छळत असेल तर डॉक्टर कधी प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल कमी डोसात देतात. त्याआधी रक्तदाब, नाडी आणि दम्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

धाग्यांना मलम नाही

दिसणाऱ्या रक्तवाहिन्या कुठल्याही क्रीमने कायमच्या जात नाहीत, ट्यूबवर काहीही लिहिलेलं असो. तिथे काम करतो प्रकाश: ५८५ ते ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर, ५३२ चा केटीपी लेझर, किंवा आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झोत सोडणारं यंत्र. रक्तातलं हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषतं, तापतं आणि वाहिनीची भिंत आतून बंद करतं. साधारण दोन ते चार बैठका, मध्ये तीन-चार आठवडे. मुरलेली लालीही यात कमी होते. पल्स्ड डाय जोरात वापरला तर जांभळे डाग उठतात आणि आठवडा-दहा दिवस राहतात. सौम्य सेटिंगवर नुसती सूज आणि लाली.

गडद त्वचेत मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्यही तोच प्रकाश पितं, म्हणून भाजण्याचा आणि डाग राहण्याचा धोका वाढतो. तिथे १०६४ नॅनोमीटरचा एनडी याग लेझर तुलनेने सुरक्षित, आणि कुठलाही लेझर असो, आधी छोट्या जागेवर चाचणी करून काही आठवडे थांबायला सांगा. तुमच्यासारख्या वर्णाच्या किती जणांवर हे यंत्र वापरलं, हा प्रश्न विचारायला लाजू नका. उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर लेझर नको. एकदा बंद झालेल्या वाहिन्यांशेजारी काही वर्षांत नव्या उगवू शकतात, तेव्हा अधूनमधून एखादी बैठक पुन्हा लागते.

डोळे आणि नाक

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटणं, पापण्यांच्या कडा लाल, वारंवार रांजणवाडी: हा रोझेशियाचाच भाग असू शकतो आणि चेहऱ्याआधीही दिसू शकतो. कोमट ओलं कापड बंद पापण्यांवर पाच मिनिटं, मग पापणीची कड बोटाने हलके चोळून पुसणं, दिवसातून एक-दोनदा. कापड पापण्यांपुरतं घडी केलेलं हवं, नाहीतर डोळे निवतात आणि गाल पेटतात. डोळा दुखणं, उजेड न सोसणं, धूसर दिसणं यापैकी काही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

नाक जाड आणि खडबडीत होऊ लागलं असेल तर लवकर जा. सुरुवातीला गोळ्यांनी आवर बसतो. एकदा आकार बदलला की कार्बन डायऑक्साइड लेझर किंवा शस्त्रक्रियेनेच तो परत घडवता येतो.

आवरल्यानंतर

चेहरा शांत झाला की मलम त्याच दिवशी बंद करण्याचा मोह होतो. तसं केलं तर फुटकुळ्या काही महिन्यांत परततात. डॉक्टरांना विचारून आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असं उतरत या, पंधरवड्याचे फोटो चालू ठेवून. मधेच भडका उडाला तर आठवडाभर फक्त क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनवर या, वहीतली शेवटची दोन पानं वाचा, आणि त्या दोन पानांत कुठली नवी बाटली आली आहे ते पाहा.